अडतीस की चौतीस

महानंदाचं पत्र येऊन आता सातआठ वर्षं तरी झाली असतील. निळ्या शाईत, सरळ ओळीत लिहिलेलं. खुशाली होती, नातवंडांची नावं होती, आणि शेवटाकडे एक प्रश्न होता. ‘काका, त्या दिवशी तुम्ही आमच्या दारात हसत का उभे होता?’ मी पत्र घडी करून ठेवलं आणि उद्या उत्तर लिहू म्हटलं. नंतर पुष्कळदा लिहायला बसलो. कधी मायन्यातच अडलो, कधी दोन पानं लिहून फाडली. लिहिलेलं वाचलं की एक तर मी फार वाईट माणूस वाटायचो, नाहीतर फार चांगला. दोन्ही खरं वाटत नव्हतं.

तो दिवस मात्र मला अजून लख्ख आठवतो.

सिद्धाप्पा ओरडला तेव्हा मी कपाटांच्या मागे होतो. तासगावच्या एका वाचनालयात मी तेव्हा ग्रंथपाल होतो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि त्या सकाळी पेपरात दिवाळी बंपरचा निकाल होता. अशा दिवशी वाचनालयात वेगळीच गर्दी व्हायची. एरवी पुस्तकाला न शिवणारे लोक पेपराच्या लांब टेबलाभोवती खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. अशा वेळी मी मागे कपाटं लावत बसायचो.

“लागली! आवं, लागली!”

मी फटीतून पाहिलं. सिद्धाप्पा एका हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं तिकीट आणि दुसऱ्या हाताचं बोट पेपरावर ठेवून उभा होता. तो गुरुपाद शेट्यांच्या हळदीच्या आडतीवर तोलार होता, पोती काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं हे त्याचं काम. त्यामुळे त्याची बोटं कायम पिवळी असत. बहात्तरच्या दुष्काळात बायको-पोरीला घेऊन तो जतकडून आला होता.

“ह्यो बघा आकडा. दोन, एक, तीन, चार, शून्य, दोन! आन् ह्यो तिकिटावरचा. हाय का न्हाई त्योच? बोला की!”

“त्योच की रं,” कुणीतरी म्हणालं. “हुबेहूब.”

“पयलं बक्षीस? पाच लाखाचं?”

“मग काय पाच रुपयाचं व्हय!”

समोरच्या फुटपाथवर बाबूभाई मुल्लाचं लॉटरीचं टेबल होतं. तो धावत आला, लोकांच्या खांद्यावरून त्यानं तिकिटाचा रंग पाहिला आणि छाती बडवून म्हणाला, “माझ्या टेबलावरचं तिकीट! ह्या हातानं दिलंय मी!” तेवढ्यात कुणी पेढे आणायला पळालं. पैसे कोण देणार ते कुणी विचारलं नाही.

तिकीट मात्र कुणी हातात घेतलं नाही. ते सिद्धाप्पानं छातीशी धरलं होतं आणि ‘बघू जरा नीट’ असं म्हणायला कुणी धजत नव्हतं. म्हटलं असतं तर त्याच्याच पोटात दुखतंय असं झालं असतं. उलट जो तो आधी पाठ थोपटायला पुढे होत होता. पाठ थोपटून माणसं दाराशी आली की आवाज बदलायचा. मी कपाटामागे असल्यामुळे ते मला ऐकू यायचं.

“नशीब बघा लेकाचं. काल गावात आला आन् आज लखपती.”

“काल कुठला? सात वर्सं झाली त्याला.”

“सात वर्सं म्हंजी कालच की. आमचा आजा हितं मेला, त्याला कधी पाच रुपय लागलं न्हाईत.”

“पचायचं न्हाई बघ. असला पैसा पचत नस्तोय.”

मी बाहेर गेलो नाही. सिद्धाप्पाची पाठ थोपटली नाही. सगळे निघून गेले तरी मी तिथंच एका पुस्तकाची पाठ धरून उभा होतो.

कारण ते तिकीट माझं होतं.

म्हणजे तसं म्हणता येणार नाही. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मी बाबूभाईच्या टेबलापाशी उभा होतो. लॉटरी वाईट, असं मी वाचनालयात चारचौघांत म्हणत असे. पण त्या दिवशी बंपरचं बोर्डावरचं चित्र पाहता पाहता पाय थांबले. बाबूभाईनं तिकिटं पंख्यासारखी पसरली. एका तिकिटावरच्या आकड्यात मधोमध थर्टी एट होतं. अडतीस. माझं जन्मसाल. मी ते उचललं. खिशात हात घातला आणि तेवढ्यात समोरून वाचनालयाचे अध्यक्ष नातू वकील येताना दिसले. मी तिकीट पुन्हा पंख्यात खोचलं. मागे सिद्धाप्पा उभा होता, अंगाला हळदीचा वास.

“सायेब, न्हाई घेत?”

“नाही बुवा.”

“मग मी घेतो. तुमचा हात लागलाय, विद्येचा हात.”

“कशाला पैसे वाया घालवता?” मी नातू वकिलांना ऐकू जाईल असं म्हणालो.

त्यानं ते घेतलं. मी वकिलांना नमस्कार केला.

तर आता ते तिकीट त्याच्या छातीशी होतं. पेपर टेबलावर उघडाच पडला होता. मी त्याच्याकडे गेलो नाही. पाहून काय करायचं होतं? तो आकडा मी आधीच पाहिला होता, हातात धरला होता.

अकराच्या सुमाराला महानंदा आली. सिद्धाप्पाची मुलगी. विशीची असेल. आडतीवरच्या तोलाराची मुलगी कादंबऱ्या नेते याचं गावाला नवल होतं, मला नव्हतं. ती पुस्तक कधी उशिरा आणत नसे. त्या दिवशी हातात पुस्तक नव्हतं. ती दारातच उभी राहिली.

“काका, खरंच लागली का हो?”

“सगळ्यांनी पाहिलं की. पेढे वाटले. तुला मिळाले नाहीत?”

“तुम्ही बघितलं का?”

मी रजिस्टर पुढे ओढलं.

“काका, आज माझी सुपारी हाय. मिरजेचं पाव्हणं यायलेत, एस्टीत मेकॅनिक हैत ते. दोन महिन्यांमागं बोलणं झालंय. आन् आता शेटे आलेत घरात बसून. म्हणत्यात, लाखाचा धनी झालास, आता गाड्याखाली झोपणाऱ्याला पोरगी देतोस व्हय? माझ्या धाकट्याला दे. सुपारी आजच फोडू.”

शेट्यांचा धाकटा मला माहीत होता. गावाला माहीत होता. त्याची पहिली बायको माहेरी निघून गेली होती, आणि का गेली तेही गावाला माहीत होतं.

“मग तू सांग ना वडिलांना.”

“बाबा माझं आयकतंय व्हय? ते हवेत हैत. शेटे त्यांना ‘सिद्धाप्पाशेठ’ म्हणायलेत.” तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. “मिरजेचं पाव्हणं आले की त्यांना उंबऱ्यावरूनच परत लावायचं ठरलंय. सुपारी फुटली की मग कोण मोडतंय? काका, तुम्ही शिकलेलं हाय. एकदा बघा की नीट. कायतरी चुकलं असंल तर.”

“आणि चुकलं नसेल तर?”

“तर नसंल,” ती म्हणाली. “पण तुम्ही बघा.”

ती गेली. मी टेबलापाशी आलो. पेपर चुरगळला होता आणि पहिल्या बक्षिसाच्या आकड्याखाली सिद्धाप्पाच्या बोटाचा पिवळा ठसा उमटला होता. मी आकडा वाचला. २१३४०२. एकवीस, चौतीस, शून्य दोन.

चौतीस.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचला. चौतीसच होतं. आणि मी तर अडतीस पाहून ते तिकीट उचललं होतं. चौतीस असतं तर मी त्याला हातसुद्धा लावला नसता.

मग माझ्या लक्षात आलं. तिकिटावरचे आकडे इंग्रजी होते, पेपरातले मराठी. इंग्रजी आठ हा मराठी चारासारखा दिसतो. इंग्रजी नऊ मराठी एकासारखा दिसतो. दोन, तीन आणि शून्य दोन्हीकडे जवळपास सारखेच. सिद्धाप्पा जतकडच्या शाळेत मराठी चौथी शिकलेला. तिकिटावर होतं 293802, आणि त्याच्या डोळ्यांनी ते सरळ २१३४०२ असं वाचलं. बाकीच्यांनी आकार जुळवले, आणि आकार जुळत होते.

मला एकदम हलकं वाटलं. छातीवरून कुणीतरी पोतं उचलावं तसं. मी पेपर उचलला आणि निघालो. वाचनालय उघडं टाकून मी आयुष्यात कधी कुठं गेलो नव्हतो, त्या दिवशी गेलो. बाजारपेठेतून जाताना कुणीतरी हाक मारली, “काय पेंढरकर, तुम्हालाबी लागली का काय?” मी हात हलवला. मुलीला वाचवायला निघालोय असंच मी मनाशी म्हणत होतो, आणि पाय जवळजवळ धावत होते.

सिद्धाप्पाचं घर म्हणजे आडतीच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या. गल्लीत माणसांची दाटी होती. बाहेर कट्ट्यावर चार माणसं अवघडून बसली होती. कडक इस्त्रीचे सदरे, मांडीवर टॉवेलात बांधलेली पुडकी. मिरजेचे पाहुणे. त्यांना कुणी पाणीसुद्धा दिलं नव्हतं. त्यातला तरुण जमिनीकडे पाहत होता. आतल्या खोलीत सतरंजीवर शेटे बसले होते, पुढ्यात तबक, तबकात सुपारी आणि विडे. सिद्धाप्पा नवा फेटा बांधून त्यांच्या शेजारी. आतल्या दारात महानंदा.

मी उंबऱ्यावर उभा राहिलो. दम लागला होता. पेपर तेवढा पुढे धरला होता.

“या की लायब्रीवाले,” सिद्धाप्पा हसून म्हणाला. “म्हटलंच, तुम्ही कसं आला न्हाईत अजून. या, बसा शेटजींपाशी.”

“सिद्धाप्पा,” मी म्हणालो, “ते तिकीट एकदा बघायला हवं.”

शेट्यांनी विडा तोंडात घालता घालता हात थांबवला.

“कशाला?” सिद्धाप्पा म्हणाला.

“चूक आहे. तुम्हाला लागलेली नाही.”

कट्ट्यावरची माणसं वळून बघायला लागली. गल्लीतनं एक आवाज आला, “आला, आला! अजून कसा कुणाच्या पोटात दुखलं न्हाई म्हणत होतो.” हशा झाला.

“पेपरात चौतीस आहे,” मी म्हणालो. माझा आवाज मुळात बारीक, तो आणखी बारीक झाला. “तुमच्या तिकिटावर अडतीस आहे. इंग्रजी आठाला तुम्ही चार समजलात.”

“तुम्ही तिकीट कुठं बघितलंय माझं?” सिद्धाप्पाचा चेहरा लाल होत होता. “मी कुणाच्या हातात दिलं न्हाई त्ये.”

तिथंच मी अडकलो. खरं सांगितलं असतं तर सगळ्या गावासमोर लॉटरीचा गिऱ्हाईक ठरलो असतो. खोटं सांगायला काही सुचलं नाही.

“तुमच्या आधी ते मी उचललं होतं,” मी म्हणालो. “बाबूभाईच्या टेबलावर. मग ठेवून दिलं. अडतीस माझं जन्मसाल आहे, म्हणून लक्षात आहे.”

गर्दीत बाबूभाई होताच. “व्हय व्हय,” तो ओरडला, “ह्यांनीच घेतल्तं! नातू वकील आलं तसं परत खोचलं!”

मग जो हशा झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

“अरारारा! हातातनं गेलं की हो लायब्रीवाले!”

“मग तर दुखणारच राव, पोटात न्हाई, काळजात!”

“आम्हाला सांगत होता, लॉटरी घेऊ नगा म्हणून. आन् स्वतः गुपचूप?”

शेटे सावकाश म्हणाले, “पेंढरकर, शिकलेल्या माणसानं असं करावं? दुसऱ्याच्या घरात लक्ष्मी आली तर हात जोडावे.” आणि सिद्धाप्पाकडे वळून, “सिद्धाप्पाशेठ, मुहूर्त टळतोय. बाहेरच्या पाव्हण्यांना वाटं लावा आन् सुपारी घ्या हातात.”

सिद्धाप्पा उठला. बाहेर पाहुण्यांना सांगायला म्हणून तो दाराशी आला आणि माझ्यासमोर थांबला.

“आन् दात कशाला काढायलाय?” तो म्हणाला. “आं? वाईट सांगाय आलाय आन् हसायलाय?”

मी हात तोंडाकडे नेला. गालाला हात लागला तेव्हा कळलं की गाल खरंच वर ओढलेले आहेत. ते खाली आणायला मला जोर करावा लागला.

“सरका,” तो म्हणाला. मी सरकलो नाही. हे मी कसं केलं ते मला अजून कळत नाही. मी माणसांना घाबरतो, लहानपणापासून. पण दारात माझ्यामुळे त्याला बाहेर जाता येईना, आणि तो मला ढकलेना.

“बाबूभाई वाचेल,” मी म्हणालो. “त्याला इंग्रजी आकडे येतात. मी नको. तो वाचू दे.”

“कुणी न्हाई वाचायचं! माझं तिकीट—”

तेवढ्यात आतून तसबीर सरकवल्याचा आवाज आला. महानंदानं बसवेश्वरांच्या तसबिरीमागून पिशवी काढली होती. आई “अगं अगं” करीत तिच्या मागे लागली. ती आईला चुकवून सगळ्यांच्या मधून आली, बापाकडे न बघता माझ्या बगलेखालून उंबरा ओलांडून गेली आणि बाबूभाईच्या हातात तिकीट दिलं.

“वाचा काका,” ती म्हणाली. “मोठ्यानं.”

बाबूभाईनं तिकीट पिशवीतून काढलं. त्याच्या तोंडावर सकाळपासून असलेलं हसू होतं, ते त्यानं तसंच ठेवलं होतं. तो वाचायला लागला.

“टू. नाइन—” तो थांबला. “नाइन.”

“एक,” सिद्धाप्पा म्हणाला. “एक हाय त्यो.”

“नऊ हाय, सिद्धाप्पा.” बाबूभाईनं तिकीट डोळ्यांजवळ नेलं. “थ्री. एट. झिरो. टू.”

कुणी हसलं नाही. सिद्धाप्पानं बाबूभाईच्या हातून तिकीट घेतलं आणि माझ्या हातातला पेपर ओढला. दोन्ही शेजारी धरून तो एकेका आकड्यावरून पिवळं बोट फिरवत राहिला.

“आठ हाय व्हय ह्यो?” तो मलाच विचारत होता, लहान आवाजात. “मला चारच दिसतंय. नीट बघा की सायेब. मला अजून चारच दिसतंय.”

मी आठाचा वरचा बंद गोल बोटानं दाखवला.

शेटे उठले. तबक त्यांच्या माणसानं उचललं. जाताना ते मिरजेच्या पाहुण्यांकडे न पाहता म्हणाले, “सिद्धाप्पा, उद्या येळेवर ये. वखारीतला माल तोलायचाय.” गर्दी पातळ व्हायला लागली. पेढे कुणी खाल्ले आणि पैसे कुणी द्यायचे यावरून गल्लीच्या तोंडाशी बाचाबाची सुरू झाली.

मग उरले ते कट्ट्यावरचे चौघे. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आपल्याला परत लावणार होते, हे त्यांना कळलं नव्हतं असं म्हणण्यात अर्थ नव्हता. मुलाचा बाप, पिकल्या मिशांचा माणूस, उठून उभा राहिला. टॉवेलातलं पुडकं त्यानं काखेत मारलं होतं. आता हा जाणार असं मला वाटलं. महानंदालाही वाटलं असावं, कारण तिनं भिंत धरली.

तो उंबऱ्यापर्यंत आला आणि सिद्धाप्पाला म्हणाला, “पाव्हणं, सकाळच्या गाडीनं आलोय आम्ही. लॉटरी कुणाला लागली आन् न लागली, ते बगाय न्हाई आलो.” तो थांबला. सिद्धाप्पानं मान वर केली नाही. “घसा वाळलाय. आधी पाणी द्या. मग सुपारीचं बघू.”

महानंदाची आई आत धावली. महानंदा मात्र पाण्याला गेली नाही, ती तिथंच मटकन बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. तो मेकॅनिक उभा राहून तिच्याकडे बघत होता, काय करावं ते न कळून.

मी निघालो. मला कुणी थांबवलं नाही, मीही थांबलो नाही. सुपारी फुटली ते मला दुसऱ्या दिवशी बाबूभाईकडून कळलं.

सिद्धाप्पा पुढं वाचनालयात कधी आला नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूनं जायचा. महानंदाचं लग्न झालं आणि उन्हाळ्यात त्यानं आडत सोडली, मिरजेकडे मुलीच्या आसपास राहायला गेला. गावात पुष्कळ दिवस माझी चेष्टा होत राहिली. कुणी पुस्तक परत केलं की आकडा वाचून दाखवायचा, “बघा हं पेंढरकर, आठ का चार?” मीही हसायचो.

पण पत्रातला तो प्रश्न एकटा नव्हता. त्याच्या खाली चार ओळी होत्या, आणि उत्तर अडत होतं ते त्यांच्यामुळे. ‘बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, तो लायब्रीवाला आमचं घर जळताना हात शेकायला आला होता, त्याचं हसू मी विसरणार नाही. मी त्यांच्याशी भांडायची. मी म्हणायची, मीच त्यांना बघायला सांगितलं होतं, ते माझ्यासाठी हसत आले, माझं सुटलं म्हणून. तुम्ही दारात दिसलात तेव्हाच मला कळलं होतं, बोलायच्या आधी. बाबा गेले. आता भांडायला कुणी नाही. तुम्हीच सांगा.’

तिचं चांगलं चाललं होतं, तेही पत्रात होतं. नवरा डेपोत सुपरवायझर होऊन निवृत्त झाला. घर बांधलं. मग तिला जे वाटतंय तेच लिहून टाकायला काय हरकत होती? एका ओळीचं काम होतं. ‘हो, तुझ्यासाठीच.’ मी ते लिहिलंही होतं एकदा. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट चिकटवलं, आणि टाकायला निघताना वाटलं, ती वर्षानुवर्षं बापाशी भांडली ती माझी बाजू घेऊन. आणि ते पाकीट मी फाडलं. उलट लिहायचं म्हटलं की वाटायचं, आता म्हातारपणी तिच्या हातातून हे काढून घ्यायचा मला काय अधिकार? मग तेही राहायचं.

परवा काय झालं, दुपारी लेकीच्या घरी टीव्ही लागला होता. मी आता सांगलीला लेकीकडेच असतो. दूरच्या कुठल्या राज्यातल्या एका रिक्षावाल्याला लॉटरीचे काही कोटी लागले होते. गळ्यात हार, डोळे भांबावलेले, मागे बायको. लेकीच्या दोन मैत्रिणी चहाला आल्या होत्या.

“बघा आता नातेवाईक कसे उगवतात ते.”

“टॅक्स कापून उरतंय काय हातात?”

“वर्षभरात पुन्हा रिक्षा चालवेल. असल्यांना सांभाळता येत नाही.”

“दारू लागेल त्याला,” मी म्हणालो.

मला कुणी विचारलं नव्हतं. मी सहसा बायकांच्या गप्पांत बोलत नाही. लेकीनं वळून पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, हसताय कशाला? तुम्ही काय ओळखता त्याला?”

मी त्याला ओळखत नव्हतो. त्याचं गाव मला नकाशात दाखवता आलं नसतं. त्यानं माझं काही घेतलं नव्हतं, माझ्या हातातून काही उचललं नव्हतं. मी उठून माझ्या खोलीत आलो आणि तासगावच्या रस्त्यावरची ती चाल, ते पाय, ते हलकं वाटणं पुन्हा आठवून पाहिलं. आठवायला कष्ट पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. या वेळी फाडावं लागलं नाही.

‘चि. महानंदास अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला, त्याबद्दल रागावू नको. तू विचारलंस त्याचं उत्तर असं आहे. तुझे बाबा म्हणत होते ते खरं होतं. तुम्हाला लॉटरी लागली नाही हे कळलं तेव्हा मला आनंद झाला, आणि वाचनालयापासून तुमच्या दारापर्यंत मी तोच आनंद घेऊन आलो. वाटेत मी मनाशी तुझं नाव घेत होतो, पण ते मला बरं वाटावं म्हणून. तू दारात दिसलीस, त्यानंतर मात्र मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं. हसू तेव्हा तोंडावर राहून गेलं होतं, ते मला कळलं नाही. तुझे बाबा आज असते तर हे मी त्यांना सांगितलं असतं. ते नाहीत म्हणून तुला सांगतो. तू त्यांच्याशी भांडलीस त्यात तुझी काही चूक नाही. तुझं पत्र वाचून, तुझं घर झालं, नातवंडं झाली हे वाचून मला जो आनंद झाला तो निराळा. तोही खरा आहे. श्रीनिवास पेंढरकर.’

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेलो. पाकीट फटीत घातलं आणि हात तसाच आत राहिला. मागे एक तरुण बाई भराभर चालत आली, तिच्या हातात अर्जांचे लिफाफे होते.

“आजोबा, टाकलं का?” ती म्हणाली. “मला घाई आहे हो.”

मी बोटं सोडली. आत पाकीट पडल्याचा आवाज आला.

“टाकलं,” मी म्हणालो, आणि बाजूला झालो.